गरम तळाची गाडी

दार उघडत नव्हतं. कडी माझ्या डोळ्यांसमोर होती, पण बोटं तिला धरत नव्हती. पायांत जीव नव्हता. मी गुडघ्यांवर सरकत दारापर्यंत आले होते आणि डोक्यात कोणी मुसळ घालावं तसे ठोके पडत होते. बाहेर उजाडलं होतं. गाडीच्या काचांवर आमच्याच श्वासाचं पाणी ओघळत होतं. मागे बाकावर बुढा, म्हणजे माझा नवरा, निजला होता. खाली त्याची बहीण भागरथा होती. दोघांना हाका मारल्या. बुढ्याच्या घशातून घरघर येत होती, जबाब येत नव्हता. भागरथा गप्प होती. लग्न होऊन आल्यापासून मी भागरथाला गप्प पाहिलं नव्हतं, म्हणून मला तिचीच जास्त भीती वाटली.

पाण्याचा तांब्या हाताला लागला. तो काचेवर मारला. पहिल्यांदा काच फुटली नाही, तांब्याच हातातून सुटला. पुन्हा मारला तेव्हा फुटली. थंड हवा तोंडावर आली आणि मी तिथंच ओकले. मग ओरडले. चिखल्याच्या खाणीच्या कॉलनीत सकाळच्या पाळीचे लोक कामावर निघाले होते. त्यांतले दोघे धावत आले. एकानं फुटक्या काचेतून हात घालून कडी काढली.

आता ही गाडी कोणाची आणि आम्ही म्हातारे लोक तिच्यात काय करत होतो, ते सांगते.

दिघोरी

माझं गाव दिघोरी, लाखांदूर तालुक्यातलं. धानाचं गाव. बुढा चिखल्याला मँगनीजच्या खाणीत जमिनीखाली कामाला होता. त्याची नोकरी तिकडे कॉलनीत गेली आणि माझं आयुष्य इकडे धानाच्या बांधीत गेलं. मी चिखल्याला दोनदाच गेले होते, तेही त्याच्या आजारपणात, खाणीच्या दवाखान्यापर्यंतच. रिटायर होऊन आला तो छाती खराब करूनच आला. पायही गेले होते. घोट्यापासून खाली बारा महिने गार. रात्री जाग आली की मी आधी त्याच्या पायांना हात लावायची, मग छाती वरखाली होते की नाही ते पाहायची. मगच पुन्हा झोपायची.

त्याला सारनाथ आणि कुशीनगर पाहायचं होतं. आमच्या घरी बाबासाहेबांच्या दीक्षेपासून बुद्धाचा फोटो आहे, पण त्या जागा घरातल्या कोणी पाहिल्या नाहीत. रेल्वेत त्याला दम लागतो, गर्दी सोसत नाही. उन्हाळ्यात तर घरातही श्वास पुरत नाही. उरला हिवाळा. आणि हिवाळ्यात तिकडे आपल्यापेक्षा जास्त थंडी.

भागरथाचा मुलगा दिनेश खाणीच्या कामगारांची ने-आण करणारी टेम्पो गाडी चालवायचा. ती जुनी झाली तेव्हा त्यानंच विकत घेतली. सीटा काढल्या, एक बाक केला, दिवाण केला, गॅसची छोटी शेगडी आणि पाण्याची टाकी बसवली. तो तिला कॅम्पर म्हणतो. शेजारणी विचारायच्या, “घर विकलं का व? गाडीत संसार मांडून राहिली तं.”

मी म्हणायची, “घर नाही विकलं. तुमच्या तोंडापासून दूर जाऊन राहिली.”

डिसेंबरात धान निघालं आणि आम्ही अंगणातच गाडीत बसून पाहिलं. सकाळची वेळ होती. बुढ्यानं पाय खाली टेकवले आणि लगेच वर घेतले. तळ नुसता पत्र्याचा होता. सीटांचे बोल्ट काढले तिथं भोकं होती, त्यांतून वारा येत होता.

“खाणीत इतकं गार नव्हतं,” तो म्हणाला. “तेथी तं घाम ये.”

“मामा, तळाचं पाहतो मी,” दिनेश म्हणाला.

पहिला उपाय माझा. आमच्याकडे थंडीत घरात तणस पसरतात, म्हणजे धानाचा पेंढा, आणि वर वाकळ टाकून सारे ओळीनं झोपतात. कापसाच्या गादीला ती ऊब नाही. मी गाडीत वीतभर तणस पसरली, वर पोती शिवून टाकली. दोन दिवस बरं वाटलं. मग टाकीचं पाणी गळून तणस खालून कुजली आणि गाडीत गोठ्याचा वास सुटला.

“मामी, तणस काढतो मी. उंदीर हाये तिच्यात.”

“कायचा उंदीर? मले नाही दिसला.”

“तुमच्या पायावरून गेल्यावर दिसन.”

दिसला. तणस काढली.

ठरलं असं की लाखनीला सामान घ्यायचं, तिथंच तळ करायचा, आणि आधी चिखल्यापर्यंत जाऊन पाहायचं. चिखल्यात बुढा दोन रात्री गाडीत नीट निजला तर कुशीनगर. नाही तर नाही. ही अट मीच घातली होती. परक्या मुलुखात थंडीनं त्याची छाती भरली तर मी कोणाच्या दारात जाऊ, ही माझी काळजी.

लाखनी

लाखनी म्हणजे हायवे. ट्रक थांबत नाहीत आणि माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. दिनेशनं प्लायवूडच्या दुकानाच्या बाजूला गाडी लावली. दुकानदार बोलका होता. म्हणाला, “आजी, हे थर्माकोल टाकलं का गाडी बर्फावर उभी करा, काही होत नाही.”

“बर्फावर कायले उभी करू? बुढ्याचे पाय गरम पाहिजेत, गाडीचे नाही.”

काम कसं झालं ते लिहिते, कारण काम चांगलं झालं. पत्रा घासून पुसला आणि गंजू नये म्हणून काळा रंग मारला. बोल्टांची भोकं दिनेशनं एकेक करून डब्यातल्या चिकट मसाल्यानं बुजवली. आडव्या लाकडी पट्ट्या ठोकल्या. पट्ट्यांच्या मधे थर्माकोल मापानं कापून बसवलं, सांध्यांवर चांदीसारखी चिकटपट्टी लावली. वर प्लायवूड, त्यावर फुलाफुलांची प्लास्टिकची चटई. थर्माकोल कापताना असं किरकिरतं की दात आंबतात. त्याचे दाणे माझ्या लुगड्याला चिकटले ते झटकून जाईनात.

मधेच एका ट्रकच्या वाऱ्यानं थर्माकोलची आख्खी शीट उडाली आणि मागून येणाऱ्या तांदळाच्या ट्रकच्या तोंडावर जाऊन चिकटली. ड्रायव्हरनं शिव्या दिल्या. बुढा इतका हसला की त्याला खोकला लागला आणि तो थांबेचना. सारे त्याच्याभोवती हसत होते. मी त्याची पाठ चोळत होते आणि त्याचे ओठ पाहत होते.

जेवायला आम्ही घरून आणलेले लाखोरीच्या डाळीचे वडे होते. दुकानदारानं उकडलेल्या पोपटाच्या शेंगा आणून दिल्या. वालासारख्या असतात, हिवाळ्यातच मिळतात. बुढ्यानं त्या सोलून सोलून खाल्ल्या, ते पाहून मला जरा बरं वाटलं.

संध्याकाळी तो अनवाणी त्या तळावर उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला. “थंडी नाही लागून राहिली,” म्हणाला. मी वाकून तळाला हात लावला. खरंच, घरच्या सारवलेल्या जमिनीपेक्षा उबदार. मग त्याच्या पायाला लावला. पाय तसेच गार.

भागरथा पाहत होती. म्हणाली, “माणसाचेच पाय गार तं तळ काय करन, वहिनी? मी गोरसी आणली.”

आणि तिनं पोत्यातून गोरसी काढली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गोरसी म्हणजे मातीचं खोलगट भांडं. चुलीतले लाल इंगळ त्यात घालायचे आणि वरून राख लोटायची. रात्रभर ऊब राहते. आमच्या झाडीपट्टीत म्हाताऱ्यांच्या आणि बाळंतिणीच्या बाजेखाली गोरसी ठेवल्याशिवाय हिवाळा जात नाही. माझी मुलं गोरसीवर वाढली. घरावर कवेलू, म्हणजे कौलं, असतात, भिंत आणि छपराच्या मधे मांजर जाईल एवढी जागा असते. गाडीत तशी जागा नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

“गाडीत विस्तव?” दिनेश म्हणाला. “प्लायवूड जळन न माय.”

“विटेवर ठेवतो. तुले बाळपणी मी याच गोरसीनं शेकलं, तू जळला का?”

विटा घातल्या, वर गोरसी ठेवली. आगीची भीती मलाही होती, म्हणून मी पाण्याची बादली जवळ ठेवली. दिनेश समोरच्या ड्रायव्हरच्या सीटवर झोपला, तिकडची काच उघडी ठेवून.

बुढा त्या रात्री लहान मुलासारखा निजला. सकाळी माझं डोकं जड होतं. भागरथाचंही. दिनेश ठीक होता. ट्रकचा धूर आणि चिकटपट्टीचा वास असेल असं आम्ही म्हटलं. माझी जागा दाराजवळ होती आणि दाराखालच्या फटीतून कंबरेला वारा लागत होता.

“इतका तळ केला आणि दाराची फट तशीच ठेवली,” मी दिनेशला म्हटलं. “अर्ध्या कामाचा काय उपयोग?”

“बुजवतो, मामी.”

वैनगंगेवरून

भंडाऱ्याजवळ वैनगंगेच्या पुलावर धुकं इतकं होतं की नदी दिसली नाही. पुलाचे कठडे आले म्हणून नदी आली असं समजायचं. बुढा खिडकीला नाक लावून बसला होता. नोकरीत असताना तो हा पूल एसटीनं ओलांडायचा, गावाकडे येताना आणि परत जाताना.

“येताना कोणत्या बाजूनं बसत होते तुम्ही?” मी विचारलं.

“ज्या बाजूनं जागा भेटे त्या बाजूनं.”

तुमसरला दिनेशनं रबराची पट्टी घेतली. दाराच्या चारी बाजूंनी चिकटवली, दोन खिडक्यांनाही लावली. दार लावलं की आता कापसाच्या गाठोड्यासारखा दबका आवाज यायचा. बाहेरचा बाजार एकदम गप्प व्हायचा. मी दाराखाली हात धरून पाहिला. वारा नव्हता. मी दिनेशला शाबास म्हटलं.

चिखला

चिखल्याकडे जाताना रस्त्याची धूळ बदलते. आमच्याकडे ती पिवळी, इथं काळी. झाडांच्या पानांवर, दुकानांच्या पाट्यांवर, कुत्र्यांच्या पाठीवर तीच. बुढा मात्र ताठ बसला. कॉलनीच्या फाटकाजवळ त्याचा खाणीतला सोबती सुखदेव उभा होता, तोही रिटायर झालेला. मुलगा खाणीत लागला म्हणून तो तिथंच राहतो.

“जय भीम, हरिदास. अजून जिता हाये का गा?”

“तुले पोचवल्याशिवाय कुठी जाऊ?”

दोघे एकमेकांचे हात धरून उभे राहिले आणि दोघेही खोकले.

बुढ्यानं मला तो राहायचा ती खोली दाखवली. आता तिथं दुसरं कुटुंब आहे. त्या घरच्या बाईनं आत बोलावलं, चहा ठेवला. खोली आमच्या भिंतीतल्या देवळीएवढी. एका कोपऱ्याकडे त्यानं बोट केलं. “इथी माही खाट होती. चौघं राहत होतो.”

“इतक्याशा खोलीत चौघं? मले कधी सांगितलं नाही तुम्ही.”

“तू कधी विचारलं व?”

मी विचारलं नव्हतं हे खरं. पगार आला की नाही, एवढंच विचारायची.

रात्री सुखदेवच्या घरी तळ्यातल्या मासोळ्यांचा रस्सा आणि भात जेवलो. त्याच्या बायकोनं, सुशीलानं, रश्श्यात सांबार भरपूर घातला होता. इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. आमच्यापेक्षा तिखट कमी, पण चांगला होता. सुखदेव आणि बुढा खाणीच्या गोष्टी काढत होते. सुरुंग उडाला की आतला धूर पंख्यानं बाहेर जाईपर्यंत कोणाला आत सोडत नसत. एकदा एक जण घाईनं गेला आणि त्याला खांद्यावर घालून आणावं लागलं.

“कोणी आणलं?” बुढ्यानं विचारलं.

“तूच न.”

“मग तसं सांग सगळ्यायले.”

भागरथानं सुशीलाच्या चुलीतून इंगळ मागितले. सुशीला म्हणाली, “बाई, आम्ही क्वार्टरमधी नाही नेत विस्तव. स्लॅबचं घर, धूर कोंडते.”

“इंगळाले धूर कुठी असते?” भागरथा म्हणाली. “धूर निघून गेल्यावरच भरतो आम्ही गोरसी.”

मीही तेच म्हटलं. धूर नाही म्हणजे धोका नाही, हे आम्ही आजीपासून ऐकत आलो. सुशीलानं इंगळ दिले.

सुखदेव आग्रह करत होता की आत झोपा, खोली रिकामी आहे. बुढ्यानं ऐकलं नाही. “कुशीनगरले तू नसशीन. गाडीतच पाहू दे.” दिनेशला त्यांनी घरात झोपवलं. आम्ही तिघं गाडीत गेलो. भागरथानं दिवाणावरचं अंथरूण खाली ओढलं. म्हणाली, “इतका चांगला तळ केला, मी खालीच निजतो.” बुढ्याच्या बाकाखाली, पायांच्या बाजूला, गोरसी ठेवली. मी दार ओढून घेतलं.

मला या वयात लघवीला उठावंच लागतं. मधे एकदा उठले, बाहेर जाऊन आले. दार थोडा वेळ उघडं राहिलं असेल. आत येऊन बुढ्याच्या पायाला हात लावला. गरम होता. छाती वरखाली होत होती. मी निजले. पुढचं वर लिहिलंच आहे.

तुमसर

लोकांनी दोघांना बाहेर काढून जमिनीवर ठेवलं. सुखदेव धावत आला. त्यानं बुढ्याचं तोंड पाहिलं आणि दिनेशला एवढंच म्हणाला, “गाडी काढ.” मग गोरसी लाथेनं बाहेर ढकलली. तिच्यात अजून राखेखाली लाल होतं.

त्याच गाडीतून गेलो, सारी दारं-खिडक्या उघड्या टाकून. वारा आरपार जात होता. बुढ्याचं डोकं माझ्या मांडीवर, त्याचे पाय सुखदेवच्या हातात. भागरथा सुशीलाच्या अंगावर रेललेली. दिनेश एकसारखा विचारत होता, “मामी, श्वास हाये का?” मी होय म्हणत होते. होता तेव्हाही म्हटलं. नंतर मला समजत नव्हतं, तेव्हाही म्हटलं, कारण त्याला गाडी चालवायची होती.

दवाखान्यातली डॉक्टरीण वयानं लहान होती, पण कामाला झटपट. दोघांना आत नेलं, नाकातोंडावर प्राणवायूचे मास्क लावले. मलाही एक लावला. मी काढून बोलायला लागले तर परत लावला.

“आत काय जाळलं होतं?”

“काही नाही जाळलं. गोरसी होती.”

“कोळशाची?”

“लाकडाचे इंगळ. धूर नव्हता बाई, जरासाही धूर नव्हता.”

ती म्हणाली, “आजी, त्यातला विषारी वायू दिसत नाही. वासही येत नाही. हवा जायला कुठं जागा होती?”

मी दिनेशकडे पाहिलं. त्यानं हात समोर धरले होते. बोटांना अजून रबराचा काळा चिकट लागलेला होता. “मीच बुजवल्या साऱ्या फटी,” तो म्हणाला.

“मी सांगितलं म्हणून बुजवल्या,” मी म्हटलं. ते खरं होतं.

बाहेर बाकावर सुखदेव बसला होता. तो डोकं हलवत म्हणाला, “हरिदासले समजत नव्हतं का? आम्ही तं हवा पाहिल्याशिवाय पाऊल नाही टाकलं कधी.”

“समजत होतं,” मी म्हटलं. “खाणीत. गाडीत त्याचे पाय गार होते.”

मग वाट पाहिली. दवाखान्याच्या दारासमोर एक माणूस पेरू विकत होता आणि आत येणारा प्रत्येक जण भाव विचारून येत होता. मी तेच ऐकत बसले. आतून नर्स आली की मी उठायची. ती दुसऱ्याच कोणाचं नाव घ्यायची. मी बसायची. सुशीलानं चहा आणला, तो माझ्या हातातच गार झाला. ऊन वर चढल्यावर डॉक्टरीण स्वतः बाहेर आली. तिनं मला नाव घेऊन बोलावलं नाही, जवळ येऊन खाली बसली. तेव्हाच मला समजलं. म्हणाली, छाती आधीच कमजोर होती, तिला हे झेपलं नाही. मी विचारलं, त्रास झाला का. ती म्हणाली, झोपेतच होते.

दिनेश भिंतीला टेकून रडला. मी त्याला रडू दिलं. मला गाडीतून बुढ्याची चादर आणायची होती, ती आणायला मी गेले. तळावर फुटलेल्या काचा होत्या. पायाखाली तळ कोमटच होता. ज्याला गाडीचा तळ करायचा असेल त्यानं असाच करावा, काम पक्कं आहे. पण वर छपरात एक आणि खाली दाराशी एक, हवेला जागा ठेवावी, आणि आत विस्तव नेऊ नये. धुराचा असो की बिनधुराचा. थंडी वाजली तर अंगावर आणखी एक वाकळ घ्यावी.

दुपारी भागरथानं डोळे उघडले. बराच वेळ छताकडे पाहत होती. मग मान वळवून मला पाहिलं.

“वहिनी, तोंड कायले असं केलं?”

“असंच हाये माहं तोंड.”

“भाऊ कुठी हाये?”

मी तिचा हात धरला. यापूर्वी कधी धरला होता ते आठवत नाही. सांगितलं, “भाऊ गेला.”

मी तिचा मास्क सरळ केला आणि नळी कुठं दबली तर नाही ते पाहिलं.

त्या गाडीत आम्ही तिघं निजलो होतो. भागरथा वाचली आणि मी वाचले.